अठरा मिलिमीटर

गेल्या महिन्यात आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर हलवली, तेव्हा कपाटाच्या तळाशी 2009 सालचे एक जाड रजिस्टर सापडले. त्या वर्षी मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.डी. करत होते आणि सकाळी प्लेट्स वाचून नोंदी करण्याचे काम माझ्याकडे असे. सप्टेंबरमधल्या एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : अतिदक्षता विभाग, रक्त, क्लेब्सिएला न्यूमोनिए, मेरोपेनेम 18 मिलिमीटर, ‘एस’. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडेल. मोजताना माझी चूक झालेली नव्हती आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे निष्कर्षही बरोबर होता, कारण झोन, म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ, 16 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आला की मेरोपेनेमपुढे एस लिहावे, असे सीएलएसआय या अमेरिकी संस्थेचे तेव्हाचे कोष्टक सांगत होते. जून 2010 मध्ये ते कोष्टक बदलले. आता झोन 23 किंवा अधिक असेल तरच एस, आणि 19 किंवा त्याहून कमी असेल तर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. जिवाणू तोच, झोन तोच, पण रुग्णाच्या फाइलमध्ये जाणारे अक्षर नेमके उलटे.

त्या पानाने मला बरेच दिवस अस्वस्थ केले आहे. कल्चरच्या रिपोर्टमधले एस किंवा आर हे अक्षर वॉर्डात अंतिम निकालासारखे वाचले जाते. प्रत्यक्षात ते आम्ही जिवाणूला विशिष्ट पद्धतीने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न चुकीचा असेल तर उत्तर कितीही काळजीपूर्वक मोजले तरी ते रुग्णाच्या उपयोगाचे नसते. गेल्या सोळा-सतरा वर्षांत प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी आम्हाला हा प्रश्न पुन्हा पुन्हा बदलायला लावला, आणि ते कसे घडले हे प्रयोगशाळेबाहेरच्या वाचकालाही कळावे असे मला मनापासून वाटते.

झोन म्हणजे काय, ते आधी सांगते. नमुन्यातून वाढवलेल्या जिवाणूच्या दोन-चार वसाहती सलाइनमध्ये कालवून द्रावण ठरावीक गढूळपणाचे करायचे. त्यासाठी 0.5 मॅकफर्लंडच्या प्रमाण नळीशी तुलना करतात. मागे काळ्या रेघा असलेले पांढरे कार्ड धरले की दोन्ही नळ्यांतून त्या रेघा सारख्याच धूसर दिसल्या पाहिजेत. मग कापसाचा बोळा त्यात बुडवून, नळीच्या भिंतीवर दाबून निथळून, 4 मिलिमीटर जाडीच्या मुलर-हिंटन अगर या जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर तीन दिशांनी फिरवायचा आणि 15 मिनिटांच्या आत औषधाच्या चकत्या ठेवायच्या. इन्क्युबेटरमध्ये 35 अंशांवर सोळा ते अठरा तास गेले की जिवाणूंचा दुधाळ थर प्लेटभर पसरतो आणि औषध जिथे प्रभावी ठरले तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरते. ते वर्तुळ म्हणजे झोन. बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये ही पद्धत प्रमाणित केली आणि आजही आपल्याकडच्या असंख्य प्रयोगशाळांचा कारभार तिच्यावरच चालतो. अगर जाड ओतले गेले तर झोन लहान येतो, द्रावण पातळ झाले तर मोठा. अठरा आणि वीस यांतला फरक कधी कधी फक्त प्लेट ओतणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून प्लेट ओतणाऱ्या तंत्रज्ञांचे नाव मी आजही बॅचच्या नोंदीत लिहायला लावते.

कोष्टक का बदलले, याचे उत्तर जिवाणूंच्या विकरांमध्ये आहे. मेरोपेनेम, इमिपेनेम ही कार्बापेनेम गटातली औषधे आपण गंभीर संसर्गासाठी राखून ठेवली होती. क्लेब्सिएला आणि ई. कोलाय यांच्याकडे ही औषधेही तोडणारी विकरे आली, तेव्हा असे दिसले की विकर असूनही काही जिवाणू जुन्या कोष्टकात एस ठरतात. शरीरात औषधाची पातळी किती वेळ पुरेशी राहते याचाही नव्याने विचार झाला आणि रेषा वर सरकवली गेली.

त्याच सुमारास एनडीएम-1, म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ, हे विकराचे नाव जगापुढे आले. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत सापडलेल्या क्लेब्सिएलामध्ये हे विकर मिळाले, 2009 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि शहराच्या नावावरून आपल्याकडे मोठा वाद पेटला. पण त्या वादाच्या आधीच, मार्च 2010 मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी भारतीय वैद्यकांच्या नियतकालिकात आपले निरीक्षण छापले होते. ऑगस्ट ते नोव्हेंबर 2009 या काळात त्यांना कार्बापेनेमला दाद न देणारे 24 जिवाणू मिळाले आणि त्यांतल्या 22 मध्ये एनडीएम-1 होते. माझ्या रजिस्टरातली नोंद याच महिन्यांतली आहे. आमच्याकडे तो जिवाणू जतन करण्याची पद्धत नव्हती. आता कार्बापेनेमला प्रतिरोध दाखवणारा प्रत्येक जिवाणू ग्लिसरॉलमध्ये घालून उणे 80 अंशांवर ठेवला जातो. बाहेरून ठपका येण्याआधी आपल्याच माणसांनी आपल्याच नियतकालिकात इतक्या स्पष्टपणे इशारा दिला होता, हे आपल्या चर्चेत फारसे येत नाही आणि त्याचे मला वाईट वाटते.

विकर ओळखण्यासाठी आम्ही तेव्हा मॉडिफाइड हॉज टेस्ट करत असू. औषधाला संवेदनशील अशा ई. कोलायचा थर प्लेटवर द्यायचा, मधोमध मेरोपेनेमची चकती ठेवायची आणि संशयित जिवाणूची सरळ रेघ चकतीपासून काठापर्यंत ओढायची. रेघेवरचा जिवाणू औषध तोडत असेल तर त्या रेघेच्या कडेने ई. कोलाय चकतीच्या दिशेने आत सरकतो आणि झोनला तिपतीच्या पानासारखी खाच पडते. परीक्षेत काढायला ही आकृती फार सुंदर होती. तिचा दोष असा की आपल्याकडे सर्वाधिक आढळणारे एनडीएम हेच विकर तिच्यात अनेकदा निसटत असे आणि ज्यांच्याकडे कार्बापेनेमेझ, म्हणजे कार्बापेनेम तोडणारे विकर, नाही असे काही जिवाणू उगाच खाच दाखवत. सीएलएसआयने 2018 मध्ये ही चाचणी वगळली.

तिच्या जागी आलेली एम-सिम ही चाचणी मला फार आवडते, कारण तिला महागडे यंत्र लागत नाही. दोन मिलिलिटर ट्रिप्टिक सोय ब्रॉथ या द्रव माध्यमात जिवाणूचा एक मायक्रोलिटरचा लूप (तारेचे छोटे कडे) मिसळायचा, त्यात 10 मायक्रोग्रॅम मेरोपेनेमची चकती बुडवायची आणि चार तास 35 अंशांवर ठेवायचे. या चार तासांत जिवाणूकडे विकर असेल तर तो चकतीतले औषध खाऊन टाकतो. मग चकती चिमट्याने नव्हे, लूपने उचलायची, नळीच्या काठाला लावून जादा पाणी निथळू द्यायचे आणि संवेदनशील ई. कोलायच्या ताज्या थरावर ठेवायची. दुसऱ्या दिवशी झोन 19 किंवा मोठा असेल तर औषध शाबूत आहे. 6 ते 15 असेल तर विकर आहे. 16 ते 18 च्या मधली प्लेट मात्र उजेडापुढे तिरकी धरून बघावी लागते, कारण झोनच्या आत टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती असतील तर निकाल सकारात्मक धरायचा असतो. नवीन विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. कॅलिपर लावतात, 17 लिहितात आणि प्लेट बाजूला ठेवतात.

याच चाचणीची दुसरी नळी ईडीटीए हे रसायन घालून लावली की एनडीएमसारखी जस्तावर चालणारी विकरे ओळखता येतात : ईडीटीए जस्त ओढून घेते, विकर लुळे पडते आणि झोन 5 मिलिमीटर किंवा अधिक वाढतो. भारतात इथेही एक फट राहते. आपल्याकडचे बरेच क्लेब्सिएला एनडीएमबरोबर ओएक्सए-48 जातीचे विकरही बाळगतात. त्याला जस्ताची गरज नसते, त्यामुळे ईडीटीएच्या नळीतही औषध तुटतच राहते, झोन वाढत नाही आणि एनडीएम झाकले जाते. म्हणून पाच प्रमुख विकरे एकाच पट्टीवर दाखवणारी कार्ड किंवा पीसीआर ही जनुके शोधणारी चाचणी यांची जोड लागते. पीसीआरलाही आपण ज्या जनुकांचे प्रायमर, म्हणजे ती जनुके शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे, घातले, तेवढीच दिसतात.

हा सगळा खटाटोप उपचारासाठीच आहे. सेफ्टाझिडिम-एव्हिबॅक्टम हे महाग औषध ओएक्सए-48 वर चालते, एनडीएमवर चालत नाही. अ‍ॅझट्रिओनामला एनडीएम तोडू शकत नाही, पण त्याच जिवाणूकडची इतर विकरे तोडतात. एव्हिबॅक्टम त्या इतर विकरांना रोखते. म्हणून दोन्ही औषधे एकत्र दिली जातात. प्लेटवर या दोन चकत्या शेजारी ठेवल्या की मधल्या जागेत, जिथे एकेकटे औषध निष्प्रभ आहे तिथे, वाढ विरते आणि झोनची कड दुसऱ्या चकतीकडे फुगलेली दिसते. ते पाहिल्यावर मी अतिदक्षता विभागाला छापील रिपोर्टची वाट न पाहता फोन करते.

सर्वांत मोठा धडा मात्र कोलिस्टिनने दिला. मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून बाजूला पडलेले हे जुने औषध कार्बापेनेम निकामी झाल्यावर परत आले, आणि आम्हीही इतरांप्रमाणे कित्येक वर्षे त्याची चकती प्लेटवर ठेवून झोन मोजत राहिलो. कोलिस्टिनचा रेणू मोठा आणि धनभारित असल्यामुळे तो अगरमधून नीट पसरतच नाही. प्रतिरोधी आणि संवेदनशील जिवाणूंचे झोन जवळजवळ सारखे येतात. म्हणजे शेवटचा उपाय म्हणून ज्या औषधाकडे डॉक्टर वळत होते, त्याबद्दलचे आमचे एस जवळजवळ निरर्थक होते. 2016 मध्ये सीएलएसआय आणि युरोपातील तशीच संस्था युकास्ट यांच्या संयुक्त गटाने ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रव माध्यमात औषधाच्या चढत्या पातळ्यांत जिवाणू वाढवून पाहणे, हीच खात्रीची पद्धत असल्याचे सांगितले आणि 2020 च्या कोष्टकात सीएलएसआयने कोलिस्टिनपुढचा एस हा रकानाच काढून टाकला. आता फक्त ‘इंटरमिजिएट’, म्हणजे मधला, किंवा ‘रेझिस्टंट’. चीनमध्ये सापडलेल्या, कोलिस्टिनला प्रतिरोध देणाऱ्या एमसीआर-1 या जनुकाची बातमी नोव्हेंबर 2015 मध्ये आली आणि भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली. हे पाऊल योग्यच होते. पण क्लेब्सिएलामध्ये हा प्रतिरोध बहुतेकदा जिवाणूच्या स्वतःच्याच एमजीआरबी जनुकातल्या बदलामुळे येतो, त्यामुळे एमसीआरची पीसीआर नकारात्मक आली म्हणून निश्चिंत होता येत नाही.

लहान प्रयोगशाळांना मायक्रोडायल्यूशन जमणे अवघड होते. त्यांच्यासाठी निघालेला मार्ग इतका साधा आहे की तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो दोनदा वाचला. मुलर-हिंटन ब्रॉथच्या 10 मिलिलिटरच्या चार नळ्या घ्यायच्या आणि त्यांत कोलिस्टिनच्या त्याच 10 मायक्रोग्रॅमच्या चकत्या शून्य, एक, दोन आणि चार अशा टाकायच्या. अर्ध्या तासात औषध चकतीतून ब्रॉथमध्ये उतरते आणि 0, 1, 2 आणि 4 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी पायरी तयार होते. मग प्रत्येक नळीत जिवाणूचे 50 मायक्रोलिटर द्रावण घालायचे. अगरवर जिच्याकडून काहीच कळत नव्हते तीच चकती ब्रॉथमध्ये खरे सांगते.

आता आमच्या रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे पद्धत आणि कोणत्या वर्षाचे कोष्टक वापरले ते छापलेले असते. काल दुपारी अतिदक्षता विभागातल्या निवासी डॉक्टरांचा फोन आला, “मॅडम, कोलिस्टिनचा रिपोर्ट अजून का नाही? पूर्वी तर बाकीच्यांबरोबरच यायचा.” मी त्यांना सांगितले की पूर्वी जे येत होते ते चकतीवरून येत होते आणि आज नळ्या लावल्या आहेत, उद्या सकाळी वाचता येतील. आज आठ वाजता त्या स्टँडमधून काढून काळ्या कागदापुढे धरल्या. पहिली गढूळ, दुसरी गढूळ, तिसरीच्या तळाशी ढग, चौथी स्वच्छ. रजिस्टरमध्ये 4 असा आकडा आणि त्यापुढे आर लिहिले, आणि त्यांना फोन लावला.