बिनटाक्याची नसबंदी: माझा अनुभव

दुसरी मुलगीही सिझेरियनने झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सोबतच ऑपरेशन उरकून टाकायचं का?" बायको नको म्हणाली. दोनदा पोट फाडून झालंय, आता यांची पाळी, असं तिनं त्यांना सरळ सांगितलं. मला ते पटलं.

घरी मात्र कल्ला. कमावत्या माणसाची ताकद जाते, पोती कोण उचलणार, असं आईचं म्हणणं. पोत्यांआड नातवाची आस होती, हे सगळ्यांनाच ठाऊक. चुलत्यांच्या डोक्यात अजून आणीबाणीच होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. गाडी आली की माणसं उसात दडायची, हे त्यांनी पाहिलेलं. तो धसका गेलाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या जोडप्यांमध्ये स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांचं ०.३. आमच्या आशाताईंना तर बायकांशीच बोलायची सवय. मी स्वतःसाठी विचारतोय कळल्यावर त्या लाजल्या आणि आरोग्यसेवकाला पुढे केलं.

सरकारी दवाखान्यात आधी समुपदेशन झालं. सिस्टरनी निरोध, तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या, सगळं समजावलं आणि मग विचारलं, "उद्या मुलगा हवा वाटला तर? हे कायमचं धरून चाला." मी म्हटलं, दोन मुली बस्स. संमतीपत्र त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणाचा दबाव नाही, आमिष नाही, सक्ती नाही, या ओळीवर थांबून पुन्हा विचारलं. बायकोही सही करायला पुढे सरकली, तर म्हणाल्या, "यांची एकट्याची पुरे." वय साठच्या आत आणि निदान एक मूल वर्षाहून मोठं, या अटींत मी बसतच होतो.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भुलीचं इंजेक्शन झोंबलं. पुढे नुसतं ओढल्यासारखं वाटत होतं. चिमट्यानं एकच बारीक भोक पाडून दोन्हीकडच्या शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या नळ्या त्यातूनच बाहेर काढून बांधतात, टाका घालत नाहीत. डॉक्टर मला यंदाच्या पावसाबद्दल विचारत होते, तेवढ्यात झालंसुद्धा. घट्ट लंगोट, दोन दिवस जड काम बंद, आठवडाभर सायकल नाही.

जीव खाल्ला तो पुढच्या तीन महिन्यांनी. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून वीर्यतपासणी होईपर्यंत निरोध वापरावाच लागतो. हे बऱ्याच जणांना कुणी नीट सांगत नाही आणि मग दिवस गेले की संशय बायकोवर! तपासणीला गेलो तर प्रयोगशाळेतला माणूस रजेवर. पुन्हा गेलो तर हातात डबी देऊन संडासाकडे बोट दाखवलं. कडी मोडकी, बाहेर रांग. आपल्याकडे पुरुष का पुढे येत नाहीत यावर भाषणं देणाऱ्यांनी आधी ती कडी बसवावी.

अहवालात शुक्रजंतू शून्य आले आणि प्रमाणपत्र मिळालं. बुडालेल्या मजुरीचे सरकारी पैसे त्याआधीच खात्यात आले होते. आई अजून पोती मला उचलू देत नाही. मीही हट्ट करत नाही.

परवा चुलतभावाचा फोन आला, आवाज एकदम खालचा. दुखतं का, हे त्यानं तीनदा विचारलं. मी म्हटलं, ये, फक्त मोटारसायकल घेऊन येऊ नकोस. परत जाताना मी सोडीन.