रात्रपाळी का बंद केली: तुम्ही विचारलंत म्हणून

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. ऑर्डर आहेत, धातू कातणारी तीन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, आहेत, मग संध्याकाळी साडेसहाला शटर खाली कसं? ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले शेजारी विचारतात, नौपाड्यातले नातेवाईक विचारतात. बाबांचे जुने मित्र विचारतात तेव्हा शेवटी एवढं जोडतातच: "तुझे वडील रात्र रात्र लेथवर उभे राहिले, म्हणून हा गाळा आहे, बाळा." याला काय उत्तर द्यायचं? ते खरंच आहे. इतकी वर्षं मी विषय बदलत आले. पण मी गप्प राहिले की हिला आयतं मिळालंय, हिला कष्ट नकोत, असा अर्थ निघतो. आमच्याकडची मुलं आळशी आहेत असंही बोललं जातं. ते मला सहन होत नाही.

आधी एक स्पष्ट करते. मी आराम शोधायला निघालेली नाही. सकाळी ८ च्या आधी मी गाळ्यावर असते. बाबांनी भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेलं 'प्रयत्नांती परमेश्वर' अजून तिथे आहे. रंगकाम करताना तेवढा भाग मी मुद्दाम सोडायला लावला.

आता ती ऑर्डर. व्हॉल्व्हचे स्पिंडल होते, स्टेनलेस स्टीलचे, व्यासाला टॉलरन्स २० मायक्रॉन, म्हणजे मापात चालणारा फरक मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पार्टी मोठी, डिलिव्हरीची तारीख जवळची. आम्ही दोन्ही पाळ्या बारा-बारा तासांच्या केल्या. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं. कुणी झोपलं नाही, कुणी मोबाइल बघत बसलं नाही, हे मला ठासून सांगायचंय. लॉट गेला आणि परत आला. तपासणीत उचललेले नमुने जाड निघाले होते.

क्रेट उघडून मी एकेक पीस मापायला बसले. प्रत्येक क्रेटला जॉब कार्ड होतं, त्यावर तारीख आणि वेळ. दिवसपाळीचे पीस जवळजवळ सगळे मापात. रात्री जेवणाच्या सुट्टीपर्यंतचेही बरे. दोनच्या पुढचे मात्र चढत गेलेले. कारण कुठलाही टर्नर सांगेल: इन्सर्टची, म्हणजे कातणाऱ्या पात्याची, धार झिजते तसा व्यास वाढतो, म्हणून ठरावीक पिसांनंतर माप घेऊन मशीनला ऑफसेट, म्हणजे तेवढी दुरुस्ती, द्यायचा असतो. कार्डावर मापं लिहिलेली होती, अगदी नियमाने. लिहिलेले आकडे बरोबर होते आणि क्रेटमधले पीस चुकीचे होते. रात्रीच्या ऑपरेटरला विचारलं. त्याने खरोखरच मायक्रोमीटर लावला होता, वाचला होता, लिहिलं होतं. जे दिसायला हवं होतं तेच त्याला दिसत गेलं. तो खोटं बोलत नव्हता, याची मला आजही खात्री आहे.

बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हल्लीच्या पोरांचं लक्ष नसतं." जाड पीस वाचवता येतो, थोडं मटेरियल काढलं की मापात बसतो. त्या रात्री ते पंजाबातल्या बटाल्याच्या, हाताने चालवायच्या जुन्या लेथवर स्वतः उभे राहिले. ज्या लेथवर त्यांनी हे सगळं कमावलं, तोच. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बाबा उभे राहिलेत म्हणजे निभावेल, असं लहानपणापासून वाटत आलेलं. मी शेजारी बसून पीस पुसत होते, ट्रेमध्ये लावत होते, त्यांचे हात बघत होते. सेंटरमध्ये पीस धरण्याची ती ठेवण, टूल टेकवतानाचा तो अंगठा. थकवा कुठेही दिसत नव्हता.

पहाटे मी मापायला घेतले. सुरुवातीचे सुंदर होते. मग एक बारीक निघाला. मग ओळीने तीन. बारीक झालेला पीस सरळ भंगारात जातो, त्याला इलाज नाही. मी तो ट्रे हळूच बाजूला सरकवू लागले आणि त्यांच्या ते लक्षात आलं. काही न बोलता त्यांनी माझ्या हातातून मायक्रोमीटर घेतला. एक पीस मापला, दुसरा मापला. चष्मा पुसून पहिला पुन्हा मापला. मायक्रोमीटर डबीत ठेवला, डबी बंद केली आणि म्हणाले, "रात्रीचा हात मला असा कधी दगा देत नव्हता." थोड्या वेळाने म्हणाले, "का तेव्हा कुणी मोजतच नव्हतं?"

या दुसऱ्या वाक्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर टॉलरन्स मोकळे असायचे, हे खरं. ते तरुण होते, हेही खरं. त्यांचं वय झालं होतं असं तुम्ही म्हणाल तर मी वाद घालणार नाही. पण रात्रपाळीचा ऑपरेटर २६ वर्षांचा होता.

पुढे शोधत गेले तेव्हा कळलं, हा प्रश्न आमच्याच धंद्यातल्या माणसांवर शंभर वर्षांपूर्वी मापून झालाय. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत तोफगोळ्यांच्या फ्यूजचे (गोळा फोडणाऱ्या यंत्रणेचे) भाग कातणाऱ्या बायका होत्या. त्यांचे तास आणि त्यांनी काढलेला माल यांच्या नोंदी एच. एम. व्हर्नन या संशोधकाने ठेवल्या. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये त्या नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत जितके तास वाढतात तितका माल वाढतो. त्यापुढे वाढ मंदावते, आणि ७० तासांत निघणारा माल ५६ तासांतल्या मालापेक्षा फारसा वेगळा नसतो. मधले १४ तास त्या बायका मशीनवर उभ्याच होत्या. २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. आमच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांना ते पटलं. मला ते १४ तास आठवले.

मराठी माणसाने सुट्टीची भाषा करू नये, असंही मला एका काकांनी सुनावलं. काका, मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून, आणि लोखंडे जन्माने आपल्या ठाण्याचेच. सुट्टी मागितली म्हणून त्यांना कुणी कामचुकार म्हणत नाही.

पण बाबांचा गाळा कष्टानेच झाला ना? झाला. फक्त आमच्या रोडवर रात्री उभे राहणारे ते एकटे नव्हते. पलीकडच्या गाळ्यातले काका त्यांच्याइतकंच राबायचे, आमची आई दोघांनाही डबा पाठवायची. त्यांची मुख्य पार्टी बंद पडली, पैसे बुडाले, गाळा विकावा लागला. आज तिथे काचेची इमारत आहे. बाबांची पार्टी तीस दिवसांत पेमेंट करायची. कष्टांची गोष्ट सांगताना हे पेमेंट कुणी सांगत नाही. बाबाही सांगत नसत.

आता तुम्ही जे विचारत नाही तेही सांगते. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद झाल्यावर दोन ऑपरेटर सोडून गेले. किसननगरमध्ये भाड्याने राहून गावाला पैसे पाठवणाऱ्या माणसाला ओटी म्हणजे पगारच. मी पगार वाढवले, पण पूर्ण भरपाई झाली नाही. उलाढाल घटली. रिजेक्शन कमी झालं म्हणून हातात उरणारे पैसे फारसे घटले नाहीत, पण वाढलेही नाहीत. रात्रपाळी बंद केली आणि धंदा बहरला, असं काही झालेलं नाही.

तिशीतली मी हे वाचून म्हणाली असती: तुझ्या डोक्यावर बँकेचा हप्ता नाही, म्हणून तुला परवडतं. कर्ज बाबांच्या रात्रींनी फिटलं आणि आता तू झोपेचं महत्त्व सांगतेस. मी तिला विचारते, रात्रींनी फिटलं की वेळेवर पैसे देणाऱ्या पार्टीमुळे? ती म्हणते, रात्री जागून माल वेळेवर दिला म्हणूनच ती पार्टी टिकली. इथे माझ्याकडचं उत्तर संपतं. तरीही रात्रपाळी सुरू करायला माझा हात धजत नाही.

सोडून गेलेल्यांपैकी एक जण नवी मुंबईत रबाळ्यात बारा तासांच्या पाळीत लागलाय. परवा त्याचा फोन आला, जागा आहे का म्हणून. आहे, म्हटलं. "ओटी सुरू केलीत का, ताई?" नाही, म्हटलं. घरी विचारून कळवतो म्हणाला.