माउसट्रॅपचा सांधा सापडला

मंडळी, इंग्रजी शब्दांचे सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, नियमाने पाडायच्या माझ्या कामात माउसट्रॅप आता 'माउस-ट्रॅप' असाच तुटतो!

मॅक्सिमल ऑनसेट, म्हणजे दोन स्वरांमधली व्यंजनं जमतील तितकी पुढच्या सिलॅबलला देण्याचा नियम, लांबलचक ग्रीक-लॅटिन शब्दांत छान चालतो, पण सामासिक शब्द आला की सांध्यावरची व्यंजनं पुढे ओढून नेतो. 'स्ट्र'ने इंग्रजी शब्द सुरू होऊ शकतो, म्हणून 'माउ-स्ट्रॅप'. तसंच टूथएकचं 'टू-थेक', बुकएंडचं 'बु-केंड'. तेव्हा आधी समास फोडायचा, मग प्रत्येक पदात नियम लावायचा, इथवर मागेच आलो होतो. घोडं अडलं ते फोडण्यात. स्पेलिंगमध्ये डावीकडून सर्वांत लांब शब्द उचलला की बीनस्टॉकचे 'बीन्स' आणि 'टॉक' होतात, मॅनस्लॉटरमधून (manslaughter) 'लाफ्टर' (laughter) निघतं. अपवादांची यादी करावी तर तिला अंत नाही.

तोड निघाली सीएमयूच्या (कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या) इंग्रजी उच्चारकोशातून. स्पेलिंग जुळलं तरी पदांचे उच्चार सलग ठेवून पूर्ण शब्दाशी ताडायचे, आघाताचे, म्हणजे उच्चारातल्या जोराचे, आकडे तेवढे झाकून. 'बीन्स'च्या शेवटी 'झ'सारखा घोष ध्वनी, बीनस्टॉकमध्ये अघोष 'स': फोड बाद. 'लाफ्टर'मधला 'फ' मॅनस्लॉटरमध्ये नाहीच: बाद. उलट नायट्रेट (nitrate) उच्चारात 'नाइट' (night) अधिक 'रेट' म्हणून खपेल, पण स्पेलिंग त्याला अडवतं. दोन्ही चाळण्या हव्यातच. सर्वांत सुख दिलं कबर्डनं (cupboard): 'कप' आणि 'बोर्ड'चे उच्चार जुळत नाहीत, म्हणून तो अखंड राहतो, आणि राहायलाच हवा. ब्लॅकबोर्ड मात्र फुटतो, दुसऱ्या पदावरचा गौण आघात शाबूत ठेवून! पोस्टमन अजून हट्टाला पेटलाय, कारण 'मॅन'चा स्वर क्षीण होतो. अशा क्षीण रूपांची छोटी यादी जोडेन.

सीएमयूत सिलॅबलच्या सीमा नाहीत, उच्चार अमेरिकी, तरी ते आघाताचे 0-1-2 आकडे (0 आघात नाही, 1 मुख्य, 2 गौण) अमूल्य आहेत. लियांगचे 1983चे हायफन पॅटर्न मात्र या कामाला घेऊ नका. ते ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी आहेत. चुकीचा हायफन टाळायला कित्येक योग्य जागाही सोडून देतात.

आघातासाठी 'पहिलं पद प्रबळ' एवढंच ठेवणार होतो. ऑक्सफर्ड स्ट्रीटला ते चालतं, फिफ्थ ॲव्हेन्यूत आघात 'ॲव्हेन्यू'वर जातो. त्यासाठी वेगळी यादी करायचा बेत होता. पण लिहिता लिहिता लक्षात येतंय, फोडीचं झाड (कोणतं पद कोणाशी जोडलंय याची फांद्यांची आकृती) हाताशी आहेच, तर समासांना लिबरमन-प्रिन्स या भाषाशास्त्रज्ञांचा 1977चा नियम थेट लावता येईल: उजवी फांदी स्वतः फुटत असेल तरच ती प्रबळ. 'लेबर युनियन प्रेसिडेंट'मध्ये मुख्य आघात 'लेबर'वर, 'लेबर युनियन फायनान्स कमिटी'त उजवीकडची 'फायनान्स कमिटी' फुटते, म्हणून 'फायनान्स'वर. मग ॲव्हेन्यूची यादी थांबू दे, आधी झाड. सुरुवात लाइटहाउसकीपरपासून: 'कीपर' फुटत नाही, म्हणजे आघात 'लाइट'वर यायला हवा.