आरसा सोडा, नळ बघा

आमची शॉर्टफिल्म एकदाची लॉक झाली, म्हणजे शेवटचा एक कट सोडला तर एडिट पक्कं झालं. आता सोबत द्यायचं टिपण बाकी आहे आणि त्यात तो ठरलेला प्रश्न आहेच, जॉनरचे, म्हणजे त्या प्रकारच्या सिनेमाचे, ठरलेले संकेत कुठे पाळले आणि कुठे मोडले. दोन परिच्छेदांत उत्तर बसवता येतं, बसवलंही, पण ज्यावरून आमची खरी भांडणं झाली ते त्यात येतच नाही, म्हणून इथे लिहितेय.

स्टुडंट सायकॉलॉजिकल थ्रिलरमधे काय काय असतं ते सगळ्यांना पाठ आहे. एकटी बाई, अंधारा पॅसेज, गोळ्यांची डबी, आरसा, तिरका कॅमेरा, निळं-हिरवं ग्रेडिंग (एडिटनंतर चढवलेला रंग), आणि शेवटी हे सगळं तिच्या डोक्यातच चाललं होतं. हा जॉनर सगळे घेतात त्याचं कारणही उघड आहे, गाड्या नकोत, मारामारी नको, एक खोली आणि दोन माणसं पुरतात, बाकी लागतो तो संशय आणि तो फुकट मिळतो. हा डोक्यातलाच खेळ असल्याचा शेवट मात्र लोकांना अजून नवा कसा वाटतो कळत नाही, कारण १९२० च्या 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी'मधे तोच आहे, सगळी गोष्ट सांगणारा माणूस स्वतःच वेड्यांच्या इस्पितळात असतो, आणि सेटच्या भिंती-खिडक्या वाकड्या रंगवलेल्या. शंभर वर्षं झाली की त्याला.

मग आम्ही काय ठरवलं, तर हा शेवट उलटा करायचा. दोघी बहिणी. धाकटी म्हणते घरात कोणीतरी वावरतंय, मोठी तिला सांभाळायला येऊन राहिलीय, समजूत घालते, गोळ्या देते. आणि धाकटीचं बरोबर असतं. मानसिक त्रास असलेलं माणूस म्हणजे एकतर खुनी नाहीतर खोटं बोलणारं, हा जो या जॉनरचा जुना खाक्या आहे तो मला मनापासून आवडत नाही, त्यामुळे एवढा एक संकेत मोडायचाच होता. बाकी सगळे शक्य तितके इमानाने पाळायचे, हे माझं म्हणणं. इथेच पहिलं भांडण. ग्रुपमधे एकाचं मत की चॅलेंज करायचंय ना, मग सगळंच करू, आरसा नको, म्युझिक नको, शेवट तर नकोच. पण सगळं मोडलं तर मोडलंय हे कळणार कोणाला? 'सायको' (१९६०) मधे हिरॉइन अर्ध्याच्या आत मरते याचा धक्का बसतो, कारण तोवर पिक्चर पैसे चोरून पळालेल्या बाईचीच गोष्ट सांगत असतो, अगदी मन लावून, पोलिसाचा संशय, गाडी बदलणं, सगळं. दिग्दर्शक हिचकॉकने आधी ती गोष्ट विकली आणि मग काढून घेतली. आधी दिलंच नसतं तर घेणार काय होतं!

आता आरसा. बाथरूमच्या आरशाचं कपाट उघडायचं, काहीतरी घ्यायचं, बंद करायचं आणि मागे कोणीतरी उभं. हे इतकं झालंय की कपाट उघडलं की प्रेक्षक आपोआप सावध होतो. आम्ही तो सीन ठेवला, जसाच्या तसा. धाकटी नळ सोडते, कपाट उघडते, गोळी काढते, कपाट बंद. मागे कोणी नाही. पण शॉट कट करत नाही, तिच्या चेहऱ्यावर धरून ठेवतो, आणि बघणारा तिच्या खांद्यामागचं दार, पडदा, कोपरा शोधत बसतो. तेवढ्यात पाण्याचा आवाज थांबलेला असतो. नळ बंद आहे आणि तो तिने बंद केलेला नाही, तिचे दोन्ही हात आपल्याला पूर्ण वेळ दिसत असतात. म्हणजे संकेत मोडला की वापरला? मला विचाराल तर वापरला, आणि वापरला म्हणूनच लोकांचे डोळे आरशात अडकले आणि नळ आम्हाला मोकळा मिळाला. आवाज एकदम तोडला नाही, धार बारीक होत गेली आणि मग खाली नुसता रूम टोन, म्हणजे कोणी काही बोलत नसतानाचा त्या खोलीचा स्वतःचा बारीक आवाज. तो त्याच बाथरूममधे, सगळ्यांना गप्प बसवून वेगळा रेकॉर्ड केला होता, नाहीतर तिथे सपाट शांतता आली असती आणि ऐकणाऱ्याला वाटलं असतं ऑडिओच गेला.

म्युझिकवरून मी नमतं घेतलं, थोडं ठेवलं. 'सायको'च्या शॉवर सीनला हिचकॉकला म्युझिक नको होतं आणि संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही नुसत्या तंतुवाद्यांवर ते केलं, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे व्हायोलिन किंचाळायला लागली की आता त्याची आठवण आधी येते आणि भीती नंतर. आम्ही एक खालचा सूर ठेवलाय, तोही फक्त मोठी बहीण प्रेमाने बोलत असते तेव्हा.

कॅमेऱ्याचंही तेच धोरण. सहसा जिचं मन थाऱ्यावर नाही तिला हँडहेल्ड, म्हणजे हातात धरलेला कॅमेरा देतात, फ्रेम हलती, कधी तिरकी. आम्ही धाकटीला पूर्ण वेळ ट्रायपॉडवर ठेवलं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, सरळ फ्रेम. हँडहेल्ड मिळालं मोठीला, तेही अगदी किंचित, नुसता श्वास घेतल्याइतकं. हे कोणाच्या लक्षात यावं अशी अपेक्षाच नव्हती. ज्यांना दाखवलं त्यातल्या बऱ्याच जणांना मोठीबद्दल 'काहीतरी विचित्र' वाटलं, का ते सांगता येईना, आणि अभिनेत्रीने तर बिचारीने अगदी मायेने काम केलंय.

एका गोष्टीवर मात्र मी अजून अडून आहे. टेबलावरच्या कपाचा कान. एका शॉटमधे उजवीकडे, पुढच्यात डावीकडे, कोणीतरी घरात हात लावतंय याची खूण म्हणून. 'शटर आयलंड'मधे (२०१०) ती पेशंट बाई पाणी पिते तेव्हा एका शॉटला तिच्या हातात ग्लासच नसतो, त्यावर लोक मन लावून चर्चा करतात. आमच्या कपावर रफ कट (कच्चं एडिट) बघून पहिली प्रतिक्रिया आली, 'कंटिन्युइटी बघा जरा', म्हणजे दोन शॉटमधल्या वस्तू जुळत नाहीत. यात बघणाऱ्याचा काही दोष नाही. मोठ्या डायरेक्टरच्या पिक्चरमधे चूक दिसली की लोक अर्थ शोधतात, विद्यार्थ्यांच्या फिल्ममधे अर्थ दिसला तरी चूकच समजतात. जॉनर मोडण्यावर एवढं लिहितात पण हे कोणी सांगत नाही, की संकेत मोडायला आधी पत लागते आणि ती आपल्याकडे नसते, ती त्याच पाच-सात मिनिटांत कमवावी लागते. त्यावर उपाय आहे आणि तो फारसा ग्लॅमरस नाही. आधीचे सगळे कट काटेकोर जुळवायचे, १८० डिग्रीची रेषा पाळायची (कॅमेरा पात्रांच्या एकाच बाजूला ठेवायचा), पात्रांच्या नजरेची दिशा जुळवायची, म्हणजे पहिल्या मिनिटातच बघणाऱ्याला पटतं की ही मंडळी नीट काम करतात. आणि कप सुरुवातीलाच क्लोजअपमधे दाखवायचा, धाकटी त्याचा कान मुद्दाम भिंतीकडे करून ठेवते असा. मग तो फिरला की ती चूक राहत नाही.

दुसरा पर्याय होता की तिने स्वतःच कप बघून दचकायचं. तो मी हाणून पाडला, कारण तिनेच दाखवून दिलं तर प्रेक्षक तिच्या बाजूने साक्षीदार होत नाही, नुसता तिचं ऐकून घेतो. मोठी पण तेच करत असते ना.

शेवटच्या शॉटमधे मोठी भांडी आवरते आणि जाता जाता तोच कप उचलून ठेवते, कान भिंतीकडे. तो शॉट किती वेळ धरायचा यावर एडिटरचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्याला हात बाहेर गेल्यावर लगेच कट हवाय. मला चार-पाच फ्रेम, म्हणजे सेकंदाचा एक तुकडा, जास्त हव्यात.