अलामत मोडलेलं यमक

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणात यमकरचना लिहावी लागते, म्हणजे जुळणाऱ्या ओळींना एकच अक्षर द्यायचं (abab असं). आपल्या शाळेतली मुलं ती पूर्वीही डोळ्यांनीच लिहायची, आजही तशीच लिहितात. त्यामुळे लव्ह आणि मूव्ह स्पेलिंगच्या बळावर खपून जातात आणि जवळचे ध्वनी असलेली खरी जोडी मात्र सुटते. तिला इंग्रजीत स्लँट ऱ्हाइम म्हणतात, आपण अर्धयमक म्हणू. या स्मरणिकेत आठवणी सांगणारे पुष्कळ असतील, म्हणून इथे फक्त ती ओळखायची कशी ते.

शब्द मोठ्याने म्हणा आणि जोर कुठे पडतो ते पाहा. जोराच्या स्वरापासून शेवटपर्यंत सगळे ध्वनी जुळले आणि त्याआधीचं व्यंजन वेगळं असलं, तर यमक पूर्ण: नेशन–स्टेशन. त्यातलं काही निसटलं की अर्धयमक. सिस्टर–डॉक्टरमध्ये जुळतो तो फक्त बिनजोराचा शेवट. मराठी कान शब्दाचं शेपूट आधी ऐकतो, म्हणून ही जोडी आपल्याला उगाच पक्की वाटते.

गझल लिहिणाऱ्या नागपूरकराला हे पटकन कळेल. सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’त अलामत, म्हणजे काफियातल्या (गझलेतल्या यमकातल्या) कायम अक्षरांआधीचा स्वर, बदलला की काफिया चुकला. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन नेमकी तीच मोडते: सोल–ऑल. ल तोच, स्वर दुसरा. इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन ‘स्ट्रेंज मीटिंग’ या कवितेत सुरुवातीची व्यंजनंही राखतो आणि मधला स्वर तेवढा हलवतो: ग्रॉइन्ड–ग्रोन्ड.

उलट प्रकारात स्वर टिकतो, व्यंजन बदलतं. इथे आपली वर्णमाला कामाची, फक्त ती आडवी न वाचता उभी वाचायची. क, ट, प एका रांगेत, म्हणून मॅप–कॅट जवळचे. ग, ड, ब दुसऱ्या रांगेत: मड–रब. अनुनासिकं शेवटच्या: टाइम–लाइन. रांग ओलांडली की जोडी सैल होते. मॅप–सॅड म्हणून पाहा: घोष (ग, ड, ब यांसारख्या, गळा थरथरणाऱ्या) व्यंजनाआधी इंग्रजी स्वर लांबतो, त्यामुळे तोही पुरता जुळत नाही.

घोळ होतो तो आपल्या उच्चारांमुळे. बोलताना आपण इ-ई फारसं पाळत नाही, मग गिव्ह–लीव्ह पूर्ण यमक वाटतं. पीस–प्लीजमध्ये शेवटचा ध्वनी एकात अघोष, दुसऱ्यात घोष. लॉन–हॉर्नचं उलटं आहे: प्रमाण ब्रिटिश उच्चारात हॉर्नमधला र म्हणतच नाहीत, तिथे ते पूर्ण यमक. आपण र ठणठणीत म्हणतो, म्हणून आपल्याला अर्धं. कवी कुठला, हे आधी बघावं ते यासाठी.

शंका आली तर शब्दकोशातला उच्चार काढा. जोराची छोटी उभी रेघ जोराच्या अवयवाच्या (सिलेबलच्या) आधी असते, तिच्या पुढच्या स्वरापासून दोन्ही शब्द ताडून पाहा. पेपरात काय लिहायचं? तशी जोडी दर कडव्यात त्याच जागी येत असेल, तर कवीने ती मुद्दाम योजली आहे. तिला एकच अक्षर द्या आणि पुढे ‘अर्धयमक’ असं लिहा. एकदाच कुठेतरी सापडली, तर वेगळं अक्षर द्या.

– एक माजी विद्यार्थी