चालू अमोनिया बुलेटची एई चाचणी: साइटवरचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

कार्बन स्टीलची आडवी बुलेट, म्हणजे नळकांडी दाबटाकी, दोन सॅडलवर (खालच्या आधार-बैठकांवर), आत द्रवरूप अमोनिया. ती न उघडता तपासायची होती, आणि त्याला कारण आहे. अमोनियात ऑक्सिजन मिसळला की वेल्डजवळ स्ट्रेस कोरोजनच्या (ताण आणि गंज मिळून होणाऱ्या) भेगा पडतात. तपासणीसाठी टाकी उघडली की हवा आत शिरते. नंतरच्या पर्जिंगमध्ये (ती हवा हाकलण्यात) कुचराई झाली तर तपासणीच पुढच्या भेगांचं निमित्त ठरते. (अमोनियात ०.२ टक्के पाणी राखतात ते याच भेगा रोखायला.) ॲकॉस्टिक एमिशनमध्ये (एई) दाब थोडा वाढवायचा आणि भेग वाढताना पत्र्यातून धावणारी लहर बाहेरून टिपायची.

निघण्याआधी एक कागद हट्टाने मागून घ्या: गेल्या १२ महिन्यांतला सर्वांत जास्त दाब. एकदा सोसलेल्या दाबापर्यंत धातू सहसा गप्प राहतो, हे योझेफ कायझर यांनी १९५० मध्ये दाखवलं. म्हणून चाचणीचा दाब त्या कमाल दाबाच्या १०५ ते ११० टक्के धरतात. घोळ होतो तो डीसीएसच्या (प्लांटच्या संगणकी नियंत्रण यंत्रणेच्या) ट्रेंडमुळे. तो बऱ्याचदा तासाच्या सरासरीचा काढून देतात आणि दुपारच्या उन्हातलं टोक त्यात बुजून जातं. समजा, सरासरी ११ बार दाखवते आणि टाकीने प्रत्यक्षात १२.५ पाहिलेत. ११ चे ११० टक्के म्हणजे १२.१. मग अख्खी चाचणी शांततेत पार पडते, ‘सक्रिय दोष नाही’ असा शेरा मिळतो, आणि त्याला फारसा अर्थ नसतो. तासाची सरासरी नको, तासाचा कमाल आकडा मागा.

परमिट, गॅस टेस्ट, एस्केप मास्क हे नेहमीचंच. सेन्सर आणि बॅरिअरची (ठिणगी पडू नये म्हणून वीज मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाची) प्रमाणपत्रं त्या झोनला (स्फोटाचा धोका असलेल्या भागाला) चालणारी आहेत ना, हे मात्र गेटवर पोचण्याआधी तपासा.

सेन्सर १५० किलोहर्ट्झचे, लोहचुंबकी होल्डरमध्ये. (स्टेनलेसच्या टाकीवर चुंबक धरत नाही, तिथे पट्टा लागतो आणि ग्रीस क्लोराइडमुक्त हवं.) सुटलेला किंवा जाड रंग खरवडा, घट्ट बसलेला पातळ रंग चालतो. ग्रीसचा थर जितका पातळ तितका बरा. जागा ठरवण्याआधी लहर किती अंतरात किती मंदावते ते मोजा: ०.३ किंवा ०.५ मिमीची २एच लीड (पेन्सिलीचं शिसं) साधारण ३ मिमी बाहेर काढून पत्र्यावर मोडायची, मग अर्ध्या-अर्ध्या मीटरने दूर जात पुन्हा. हे वरच्या कोरड्या भागात करून थांबू नका. द्रवाला टेकलेल्या पत्र्यातून ऊर्जा आत गळते, त्यामुळे तळाकडे लहर लवकर मरते; वरचं अंतर खाली वापरलं तर मधे बहिरे पट्टे राहतात. पृष्ठभागावर स्रोताची जागा काढायची तर लीड कुठेही मोडली तरी किमान ३ सेन्सरना ऐकू आली पाहिजे. शेवटी प्रत्येक सेन्सरजवळ लीड मोडून बघा. एखादं चॅनल सरासरीपेक्षा ३-४ डेसिबलहून जास्त खाली असेल तर आधी ग्रीस, मग कनेक्टर, मग केबल, या क्रमाने शोधा.

दाब वाढवण्याआधी १५ ते ३० मिनिटं नुसतं ऐका. ४० डेसिबलच्या थ्रेशोल्डवर (याहून मोठा आवाजच नोंदला जातो) गळका व्हॉल्व्ह, शेजारचा पंप, पत्र्याला घासणारी परांची, पावसाचे थेंब, सगळे हजेरी लावतात. गोंगाट आहे म्हणून थ्रेशोल्ड वर नेणं हा आळशी उपाय; स्रोत बंद करून घ्या. सेन्सरजवळ वॉकी-टॉकीचं बटण दाबायचं नाही, हे शिफ्टमधल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दाब नायट्रोजनने वाढवायचा. त्यात ऑक्सिजन किती, याचं सर्टिफिकेट बघा. नाहीतर जे टाळायला आलो तेच घडेल. थ्रॉटलिंग (वायूचा प्रवाह आवळणं) टाकीपासून लांबच्या व्हॉल्व्हवर करा, जवळ केलं तर फुसफुस सगळी चॅनल भरून टाकते. टप्प्याटप्प्याने चढा, मधे १० मिनिटांचे थांबे, शेवटचा ३० मिनिटांचा. खरी माहिती थांब्यांत मिळते: दाब स्थिर असूनही हिट्स (थ्रेशोल्ड ओलांडणाऱ्या लहरींच्या नोंदी) येत राहिल्या तर कान टवकारा. हिट्सचा आलेख वर वळत गेला तर चर्चा नको, दाब उतरवा. सेफ्टी व्हॉल्व्हचं सेटिंगही पाहून ठेवा. सेटजवळ तो हलका गळू लागतो आणि त्याचा आवाज भेगेच्या माथी मारला जातो.

सर्वांत जास्त वेळ खातं ते सरकतं सॅडल. टाकी फुगते, सॅडल अडकत-अडकत सरकतं आणि स्थाननिश्चितीत नेमका सॅडलच्या वेल्डवर ठिपक्यांचा पुंजका दिसतो. भेगही तिथेच असू शकते, म्हणून तो पुसून टाकता येत नाही. सॅडलच्या पायावर एक गार्ड सेन्सर लावा: लहर तिथे आधी पोचली तर घर्षण, शेलवर (टाकीच्या पत्र्यावर) आधी पोचली तर संशय कायम. घर्षण दाब उतरवतानाही बोलतं, म्हणून उतरतीचा डेटाही रेकॉर्ड करा. ऊन चढण्याआधी चाचणी उरकली तर हा त्रास बराच कमी होतो.

भेग किती खोल, हे एई सांगत नाही, आणि एकसारखी झिजलेली जाडीही दाखवत नाही. ठिपक्याची चूक सेन्सरमधल्या अंतराच्या सुमारे ५ टक्के धरा आणि तेवढ्या पट्ट्यात बाहेरून शिअर वेव्ह अल्ट्रासॉनिक किंवा टीओएफडी (भेगेच्या टोकांवरून येणाऱ्या लहरींच्या वेळेवरून मोजणारी अल्ट्रासॉनिक पद्धत) लावा. या भेगा आतून सुरू होतात, बाहेरचं मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकी कणांनी पृष्ठभागाच्या भेगा दाखवणारी चाचणी) त्यांना पोचत नाही. निघताना दाब-वेळेची फाइल, कच्चे वेव्हफॉर्म आणि जवळच्या सीमपासून (वेल्डच्या जोडरेषेपासून) मोजलेली सेन्सरची अंतरं मागून घ्या, आणि खरवडलेल्या जागी रंग लावून घ्या.