पोर्तोच्या पिंपांपाशी: दहा, वीस, तीस आणि चाळीस वर्षांची पोर्ट

चाळीस वर्षांच्या टॉनी पोर्टचा पेला आत्याने नाकाजवळ नेला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अगं, हा तर मेथीच्या लाडवांचा वास!"

मी माझा पेला पुन्हा हुंगला. खरंच. तुपावर भाजलेली मेथी, गूळ, डिंक, वर किसलेलं जायफळ. टेबलावरच्या माहितीपत्रकात अक्रोड, मध, संत्र्याची साल असं काय काय लिहिलं होतं, पण आमच्या नाकाला आधी ओळखू आली ती बाळंतिणीच्या खोलीतली मेथी. घरी आल्यावर वाचलं तेव्हा कळलं, की आत्याचं नाक अगदी बरोबर होतं. सोटोलॉन नावाच्या ज्या संयुगामुळे मेथीला तिचा वास येतो, तेच संयुग लाकडात वर्षानुवर्षं मुरणाऱ्या पोर्टमध्ये, म्हणजे पोर्तुगालच्या या गोड, कडक वाइनमध्ये, हळूहळू वाढत जातं.

वाइन वयानुसार बदलते हे सगळेच ऐकून असतात. तो बदल एका बैठकीत, एका रांगेत समोर ठेवून चाखायचा असेल, तर पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही. म्हणून हा वृत्तांत जरा सविस्तर लिहिते आहे.

आम्ही दोघी ऑक्टोबरात गेलो. आत्या म्हापशाची, पंचाहत्तरीची. 1961 च्या आधी तिची सुरुवातीची शाळा पोर्तुगीजमधून झाली, त्यामुळे पाट्या आणि लेबलं तीच वाचत होती. गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून जी गोड लाल वाइन मिळते, तिच्यावरून इथल्या पोर्टचा अंदाज बांधू नका. नाव सारखं असलं तरी वस्तू वेगळी आहे.

पोर्तो शहर दोरू नदीच्या उत्तर काठावर, आणि पोर्टची कोठारं समोरच्या काठावर, विला नोवा द गायामध्ये. द्राक्षं मात्र इथली नाहीत. ती नदीने वर, आत डोंगरात, दगडी पायऱ्यांच्या मळ्यांत होतात. त्या मुलखाची हद्द 1756 मध्येच पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने आखून दिली होती. तिकडचा उन्हाळा भाजून काढणारा, तर गाया समुद्राजवळ, दमट आणि थंड. म्हणून पिंपं रबेलू नावाच्या सपाट होड्यांतून खाली आणून इथे मुरवत. 1926 पासून 1986 पर्यंत तर निर्यातीची पोर्ट गायातूनच गेली पाहिजे असा कायदाच होता.

आणि हो, पिंप! कोठारात मार्गदर्शक मुलगी 550 लिटरच्या पिपावर थाप मारून "पीपा" म्हणाली, तेव्हा आत्याने माझा हात दाबला. आपला पिंप हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेला. ते लांबट, काळवंडलेलं लाकूड समोर बघताना मला फार आपलं वाटलं.

पोर्ट बनते कशी, ते थोडक्यात सांगते. रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांतच त्यात द्राक्षाची 77 टक्के अल्कोहोलची कडक दारू ओततात. आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन 20 टक्क्यांच्या आसपास जाते. इथून पुढे दोन वाटा फुटतात. काही वाइन लाकडात वर्षानुवर्षं ठेवतात, ती टॉनी. काही निवडक सालांची वाइन दोनेक वर्षांतच बाटलीत भरतात, ती व्हिंटेज, आणि तिचं पुढचं सगळं म्हातारपण बाटलीत जातं. हा फरक नीट कळला की पुढची चव आपोआप उलगडते.

पहिल्या दिवशी आम्ही टॉनीची रांग घेतली: 10, 20, 30, 40. पेले पांढऱ्या कागदावर ठेवून आधी नुसते बघा. दहाची अजून तांबूस, विटेच्या रंगाची. वीसची कोऱ्या चहासारखी. तीसची काकवीकडे झुकलेली. आणि चाळीसच्या पेल्याची कड, जिथे वाइन काचेला टेकते तिथे, किंचित हिरवट. आत्याने पेला खिडकीकडे धरून ती कड मला दाखवली. लाकडाच्या रंध्रांतून हवा आत येते, लाल रंगद्रव्यं हळूहळू मोडतात आणि खाली बसतात. त्याच वेळी वाइन उडतही असते, दरवर्षी साधारण दोन टक्के. जे उरतं ते दाट होतं. गोडी वाढते तशी आंबटपणाची धारही वाढते, आणि म्हणूनच चाळीसची वाइन इतकी गोड असून मिठ्ठ लागत नाही.

दहामध्ये अजून फळ आहे: सुकं अंजीर, मनुका. वीसमध्ये फळ आणि सुकामेवा एकमेकांना समजून घेतात. तीस मला जरा अडनिडी वाटली. चाळीस म्हणजे मेथी, जायफळ, जुन्या शिसवी कपाटाचा वास आणि घोट गिळल्यावर किती तरी वेळ जिभेवर रेंगाळणारी चव. आत्याला चाळीस आवडली. मला विचाराल तर वीस. तिच्यात तरुणपण अजून संपलेलं नाही आणि म्हातारपण येऊन बसलं आहे, दोन्ही एका घोटात मिळतं. पैसेही त्या मानाने बेताचे लागतात.

एक लक्षात ठेवा: लेबलवरचा आकडा म्हणजे त्या बाटलीतल्या थेंबाथेंबाचं नेमकं वय नव्हे. वेगवेगळ्या वयांच्या वाइन मिसळून त्या वयाचा स्वभाव साधलेला असतो. एकाच सालची टॉनी हवी असेल तर 'कुल्येइता' मागा. "म्हणजे सुगी," आत्या म्हणाली. किमान सात वर्षं लाकडात असते. पेल्यावर मिळत असेल तर आपल्या जन्मसालची जरूर चाखा.

दुसऱ्या दिवशी व्हिंटेज. 2017 ची आणि 1994 ची शेजारी शेजारी. 2017 चा रंग पिकल्या जांभळासारखा, तोंडात काताची पकड, हिरड्या आवळून येतात. 1994 ची अजून लालच होती, टॉनीसारखी तपकिरी नाही, पण ती पकड विरघळून रेशमी झालेली. बाटलीत हवा जवळजवळ नाही, त्यामुळे तुरटपणा आणि रंग एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी गाळ बनून बसतात. म्हणून जुनी व्हिंटेज आधी उभी ठेवून, मग अलगद दुसऱ्या भांड्यात ओततात.

इथेच आम्ही एकदा फसलो. काठावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये महागड्या व्हिंटेजचा पेला मागवला, तो पार मेलेला निघाला. विचारल्यावर कळलं की बाटली आठवडाभरापूर्वी उघडलेली. उघडलेली व्हिंटेज एक-दोन दिवसांत संपवायची असते. पेल्यावर घेताना "बाटली कधी उघडली?" हे बेधडक विचारा. टॉनीचं तसं नाही. ती हवेतच वाढलेली असते, उघडल्यावरही काही आठवडे छान राहते.

आता जाणाऱ्यांसाठी. विमानतळावरून मेट्रोने त्रिंदादला या, तिथून पिवळ्या मार्गाने जार्दिं दु मोरूला उतरा. मेट्रो 1886 च्या दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून जाते, दोन्ही काठ दिसतात. कोठारं चढावर आहेत आणि रस्ते दगडी, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी वर गाडीने जावं आणि उतरत यावं. जागा आधी आरक्षित करा. दिवसाला दोनच कोठारं पुरे, तिसऱ्यात नाकाला काही कळत नाही. सकाळी अकराची वेळ उत्तम. पोटभर खाऊन जा, अत्तर लावू नका, आधी बडीशेप किंवा पान नको. थुंकायचं भांडं मागायला संकोचू नका, तिथे ते रीतीचंच आहे. पिपं बांधणारे सुतार बघायचे असतील तर कॉकबर्न्सच्या कोठारात जा. जुन्या कुल्येइतासाठी कोपके बघा, हे 1638 पासूनचं नाव आहे.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर सांव बेंतु स्थानकातून पिन्यांवला रेल्वेने जा. जाताना उजवीकडची खिडकी धरा, नदी त्याच बाजूला आहे. मळे पाहिल्याशिवाय त्या पेल्यातली उन्हं पुरती कळत नाहीत.

भारतात परतताना माणशी 2 लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. टॉनी घेत असाल तर मागच्या लेबलवर बाटली भरल्याचं साल बघा आणि अलीकडचं निवडा, कारण बाटलीत गेल्यावर ती आणखी सुधारत नाही. घरी नेऊन ठेवायची आणि वीस वर्षांनी उघडायची असेल तरच व्हिंटेज घ्या, आणि आपल्या उन्हाळ्यात तिला थंड जागी आडवी ठेवायची सोय आधी करा.

आम्ही वीसच्या दोन बाटल्या आणल्या. आत्याची म्हापशाला फ्रिजच्या दारात आहे. फोनवर म्हणाली, "थंड घोट घेतला तर मेथी लागत नाही. जरा हातात धरून ठेवला, की येते."